दोन बोटं काच उघडी

घ्या, आधी चहा घ्या. हातात कप असला म्हणजे माणसाले टाळ्या वाजवता येत नाई, आन् या गोष्टीवर मले टाळ्या नको आहेत. माह्या गाडीचा एसी काऊन थंडी देत नव्हता, हे देवळीत कोणालेही विचारा, तो सांगते. पण जो तो आपलं मीठमसाला लावून सांगते. म्हटलं, बेइज्जती माह्यी झाली आहे, तर निदान सांगाले तरी मीच असावं!

मी देवळीच्या शाळेत बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं. पण गावात मले विज्ञानासाठी कोणी ओळखत नाई बरं का, कूलरसाठी ओळखते! मार्च लागला की आमच्या फाटकापाशी लोकांच्या चकरा सुरू. "गुरुजी, पंप पाणी चढवत नाई." "गुरुजी, ताट्या भरून द्या ना." ताट्या म्हणजे कूलरच्या तिन्ही बाजूले लावतात त्या गवताच्या चौकटी. इकडच्या माणसाले हे सांगा लागत नाई, पण तुमच्यात एखादा पुण्याकडचा बसला असेल तर असू द्या. मी ताटीत साधं गवत कधी भरत नाई. वाळाच भरतो, आन् माह्या हातानं भरतो.

कूलरचे तीन कायदे आहेत. एक, वाळा ताजा पाहिजे. दोन, हवा बाहेरची ओढली पाहिजे. आन् तीन, समोरची खिडकी दोन बोटं उघडी पाहिजे. खिडकी गच्च बंद करून कूलरसमोर बसणारा माणूस पाह्यला की माह्यं डोकं फिरते. अरे बावा, ओली हवा बाहेर नाई गेली तर खोलीची न्हाणी होईन! मी तर लोकाच्या घरी पाहुणा म्हणून गेलो तरी आधी खिडकी पाहतो, मंग माणसं.

माह्या रिटायरमेंटले शाळेनं सत्कार केला. मी हौसेनं त्याचं कार्ड छापलं. वर माह्या हसरा फोटो, खाली मोठ्या अक्षरात, 'अवघड विज्ञान सोपं करून सांगणारे गुरुजी'. मजकूर कोणी लिहिला विचारू नका. आता हौसेत पाचशे छापली आन् लोकं आली ऐंशी! उरलेली कार्डं घरात पडून. मी दोन-चार नेहमी खिशात ठेवतो. कोणाले द्याले होतात, नाई तर कुठं टेबल डगमगत असला तर घडी करून पायाखाली लावाले होतात. कागद भल्ला मजबूत आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. आमची एकुलती एक पोरगी पल्लवी, तिचं मागच्या वर्षी मे महिन्यात लग्न झालं. दिलं नाशिकले. जावई निखिलराव, स्वभावानं गरीब, मान खाली घालून बोलणारा पोरगा. द्राक्षं ठेवतात ना थंड गोदामात, तसल्या एका मोठ्या कोल्ड स्टोरेजवर इंजिनियर आहे. आन् त्याची आई, म्हणजे आमची इहीनबाई, एकदम टापटीप. वर्धेचं ऊन पाहून त्यांनी हॉलमध्ये पाय ठेवताबरोबर म्हटलं, "बापरे, इथे माणसं राहतात कशी?"

हे माह्या जिवाले लागलं. मी हॉलवाल्याचा कूलर बाजूले सारला आन् माह्या हातानं भरलेला जंबो कूलर स्टेजजवळ आणून ठेवला. तोंड बरोबर इहीनबाईंकडे. बटण दाबलं. हवा तर आलीच, पण पाण्याचा नळ मी जरा जास्तच सोडला होता, तर हवेच्या आधी पाणी आलं! इहीनबाईंची पैठणी ओली, कुंकू गालावर, आन् सगळं व्हिडिओवाल्यानं टिपून घेतलं.

तेव्हापासून नाशिकात माह्या पोरीले काय म्हणतात माहीत आहे? 'कूलरवाल्यांची'. नणंद म्हणते, जाऊ म्हणते, सासूही हसता हसता म्हणते. पल्लवी हसण्यावारी नेते, पण एक दिवस हे सांगता सांगता तिनं मधातच फोन ठेवला. खोटं काऊन बोलू, त्या दिवशी मले जेवण गेलं नाई.

तरी होळीनंतर मी तिले पोचवाले नाशिकले गेलतो, तेव्हा दोन दिवस एकदम शहाण्यासारखा राह्यलो. कूलरचा 'क' काढला नाई. त्यांच्या हॉलात मोठा एसी, आन् सगळ्या खिडक्या गच्च बंद! मले तर कोंडल्यासारखंच झालं. पण मी तोंडातून शब्द काढला नाई. निघायच्या दिवशी सगळे आत असताना थोडीशी सोय करून आलो, बस. असो. आपण गाडीचं सांगून राह्यलो होतो.

तर यंदा आला अधिक महिना, धोंडा! नव्या जावयाचा पहिला धोंडा म्हणजे काय असते तुम्हाले माहीत आहे. जावई म्हणजे साक्षात नारायण. त्याचे पाय धुवायचे, तेहतीस अनारसे द्यायचे, त्याले बोट उचलू द्यायचं नाई. आन् महिना आला कुठं, तर ऐन नवतप्यात! वर्धेचा नवतपा, मे सरतानाचे ते नऊ भट्टीचे दिवस! डांबर चपलेले चिकटते त्या दिवसात.

पल्लवीचा फोन आला. "बाबा, आईपण येऊन राह्यल्या आमच्यासंगं." आई म्हणजे तिच्या सासूबाई.

"येऊ दे ना! आपली एसीची गाडी आहे," मी म्हटलं. गाडी मी दिवाळीले घेतलती. सेकंडहँड, पण एसीवाली.

"बाबा, मले सोनं नको, साडी नको. फक्त त्यांना गार गाडीतून घरी आणा. काई खटपट करू नका. एवढ्या एका वेळी मले मान खाली घालाले लावू नका."

पोटची पोरगी असं म्हणते तेव्हा बापाले काय होते? मी तिले शब्द दिला. बर्फासारख्या गार गाडीतून आणतो म्हटलं. फोन ठेवला, गाडी काढली आन् एसी लावला.

एसी गरम!

म्हणजे हवा येऊन राह्यली, पण थंडी नाई. गावाबाहेर चक्कर मारली, नाई. बटण चारवर नेलं, नाई. मंग काय, गेलो प्रमोदकडे. प्रमोदचं गॅरेज वर्धेच्या अलीकडे, बोरगाव मेघेच्या बाजूले. गाड्यांचे एसी पाहण्यात त्याचा हात कोणी धरत नाई. पण माह्यी एक अडचण होती. प्रमोद माह्या विद्यार्थी! नववीत विज्ञानात काठावर पास. त्याले मी वर्गात एकदा अख्खा तास उभं केलतं. कशापायी, ते मले आठवत नव्हतं. त्याले आठवत होतं.

त्यानं गाडी सावलीत घेतली, बोनेट उघडलं, गेज लावला, जाळी धुतली. मंग काचा लावून आत बसला आन् दहा मिनिटांनी म्हणते, "सर, या बसा. एसी एकदम ओके आहे."

मी बसलो. खरंच हो! कुल्फीच्या गाड्यावर बसल्यासारखं वाटलं. त्याच्या पाठीवर थाप मारली आन् निघालो. पाच किलोमीटर गेलो नाई तर पुन्हा गरम!

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. पुन्हा त्याच्या गॅरेजात गार. पुन्हा रस्त्यावर गरम. तिसऱ्या दिवशी गेलो तेव्हा माह्या संशय पक्का झालता. म्हटलं, हे पोट्टं काहीतरी हातचलाखी करून राह्यलं. नववीचा सूड घेऊन राह्यलं!

प्रमोद डोकं खाजवत म्हणे, "सर, राग नका मानू. चालवताना तुम्ही काचा पूर्ण लावता ना?"

आता ऐका! हे मले विचारते! कूलरचे कायदे ज्याले अख्खी देवळी विचारते, त्याले हवेबद्दल विचारते!

"प्रमोद," मी म्हटलं, "आर्द्रता म्हणजे काय ते तुले नववीत आलं नाई. आज मले शिकवतो काय? दोन बोटं काच उघडी नाई ठेवली तर हवा खेळंल कशी?"

"अहो सर, पण..."

"पण नाई आन् बिण नाई. तुह्याच्यानं होत नसेल तर तसं सांग."

त्यानं बोनेट खाली घेतलं. जुना विद्यार्थी आहे, मास्तरापुढं तोंड उघडाची सवय नाई. आन् मी गाडी काढली. काढता काढता मागची काच दोन बोटं खाली घेतली, हवा आत ओढायचं बटण बाहेरच्या बाजूले ढकललं आन् रस्ताभर त्याले शिव्या देत घरी आलो.

म्हटलं, आपणच पाहावं. मोबाइलवर एका व्हिडिओत दाखवलं, समोरच्या कप्प्यामागं एक फिल्टर असते. कप्पा काढला, हात घातला तर आतून कागदाची एक चौकट निघाली! घड्या घड्यांचा कागद, त्यात मातीचा थर, कडुनिंबाचा पाला, वरून सरकीचा कापूस. मी पाहतच राह्यलो. मायच्यान सांगतो, डोळ्यात पाणी आलं. ही तर ताटी! एसी-एसी म्हणून आपल्याले भिववतात, आतून सगळा कूलरच आहे! आन् ताटीत भरलं काय, तर कागद! अरे, कागदाले कधी थंडी आली आहे काय?

मंदा, म्हणजे आमची बायको, दाराशी अनारशाचं पीठ मळत होती. तिनं पाह्यलं मी मोजपट्टी घेऊन बसलो. "अजी, पोरीनं काय सांगतलं होतं? खटपट करू नका म्हटलं ना तिनं?"

"ही खटपट नाई, मंदा. हा इलाज आहे."

"तसंच तुम्ही लग्नात म्हटलं होतं."

मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. कोंबडीच्या जाळीचा तुकडा कापला, बरोबर त्या चौकटीच्या मापाचा. त्यात ताजा वाळा ठासून भरला, शिवला आन् खाचेत बसवला. काय ती ताटी झालती! एवढी देखणी ताटी मी बत्तीस वर्षांत केली नसेल. वाळा थोडा उरला, तर तो समोरच्या हवा यायच्या जाळ्यांच्या मागं चिमूट चिमूट खोचला. वरून मंदाच्या कपड्याच्या इस्त्रीचा पाण्याचा फवारा मारला.

सकाळी सहा वाजता चाचणी घेतली. वा! काय गार, काय वास! शेजारचे ढगेसाहेब दूध आणाले निघाले होते, त्यांना गाडीत बसवलं. ते डोळे मिटून म्हणे, "गुरुजी, वाळवंटात नेलं तरी चालते ही गाडी. माह्या गाडीतही करून द्या एक." मंदानं अंगणातूनच सांगतलं, "सकाळी सहाले बिना गाडीचंही गारच लागते." पण बायकोचं कोणी ऐकते काय? मी ढगेसाहेबांच्या गाडीचं माप घेऊन ठेवलं.

नाशिकची रेल्वे आली दुपारी साडेबाराले. वर्धा स्टेशन तव्यासारखं तापलं होतं. मी त्याआधी ताटीले चांगले दोन मग पाणी पाजलं. इहीनबाई उतरल्या त्या घामानं डबडबून. मी हात जोडले. "चला चला, आपली एसीची गाडी आहे!" पल्लवीनं माह्याकडे पाह्यलं. त्या नजरेत दिलेला शब्द होता. मी मान हलवली, म्हटलं निश्चिंत राह्य.

इहीनबाईले मागं बसलं की मळमळते, म्हणून त्या समोर. मागं जावई आन् पल्लवी. मी एसी लावला, आन् सवयीनं मागची काच दोन बोटं खाली घेतली.

इहीनबाई मागं वळून पाहून म्हणाल्या, "पल्लवीचे बाबा, काच थोडी उघडी राहिली वाटतं."

"राहिली नाई, ठेवली!" मी खूश झालो. कोणी विचारलं तर आपल्याले आवडते. "हवा खेळती पाहिजे, इहीनबाई. बंद गाडीत थंडी कोंडते."

"असं होय," त्या म्हणाल्या. "यंदा आमच्या हॉलमधला एसीसुद्धा गारच करत नव्हता. दोन महिने हैराण झालो. माणूस चार वेळा येऊन गेला. मागच्या आठवड्यात कारण सापडलं."

"काय होतं?"

"सांगते. घरी गेल्यावर सांगते. दाखवतेच."

जावई मागं खोकलला. आरशात पाह्यलं तर पोरगा घामानं भिजून राह्यला होता, रुमाल पिळून राह्यला होता, पण मान खालीच. मी म्हटलं, "जावईबापू, गरम तर नाई होऊन राह्यलं?"

"नाही बाबा, छान आहे," तो म्हणाला. कोल्ड स्टोरेज सांभाळणारा इंजिनियर! पण धोंड्याले आलेला नवा जावई सासऱ्याले 'काच लाव' म्हणंल काय? आन् पल्लवीनं त्याले गाडीत बसायच्या आधीच बजावून ठेवलं होतं, बाबांना काई शिकवू नको, त्यांना राग येते. हे मले मागून कळलं.

सावलीचा रस्ता संपला, ऊन काचेतून सरळ मांडीवर. इहीनबाईंनी पदरानं कपाळ पुसलं. एकदा. दोनदा. मंग तिसऱ्यांदा. म्हटलं, झालं, पोरीची मान गेली. आता शेवटचा उपाय. पंखा एकवर होता, तो एकदम चारवर!

आतून 'घर्रर्र' असा आवाज आला. आधी काईच नाई. मंग जाळ्यांतून सगळा वाळा एकदम सुटला! ओला, मातकट, काड्या काड्या! इहीनबाईंच्या केसांत वाळा, चष्म्यावर वाळा, रेशमी साडीवर चिखलाचे थेंब. आन् त्या बोलाले तोंड उघडून राह्यल्या होत्या, तर तोंडातही एक काडी!

"बाबा!" मागून पल्लवी ओरडली. तशी ती लहानपणी सायकलवरून पडली तेव्हा ओरडलती.

पंखा दोनदा कुंथला आन् बंद. कप्प्यातून पाणी टपटप इहीनबाईंच्या चपलेवर. जळका वास. मी गाडी बाजूले घेतली. दुसऱ्यांदा! त्याच बाईवर, त्याच मे महिन्यात, मी दुसऱ्यांदा पाणी उडवलं होतं! मले वाटलं, इथंच उतरावं आन् चालत चालत कुठंतरी निघून जावं.

इहीनबाईंनी तोंडातली काडी काढली, नाकाशी नेली. "वाळा आहे का हो हा?"

"हाव," मी म्हटलं. "ताजा आहे."

काय बोलून गेलो मी!

नशिबानं प्रमोदचं गॅरेज जवळच होतं. चारी काचा उघडून, गरम वाफेत तसेच तिथं पोचलो. प्रमोदनं सगळ्यांना आत त्याच्या कूलरसमोर बसवलं, पाणी दिलं आन् गाडीचा कप्पा उघडला. आत हात घातला. मंग माह्यी ताटी बाहेर काढली आन् दोन हातात धरून उभा राह्यला. त्यातून पाणी गळून राह्यलं होतं.

"सर, हे काय आहे?"

मी छताकडे पाह्यलं.

"सर, शिवलीपण आहे हो ही!"

गॅरेजातली दोन-तीन गिऱ्हाइकं येऊन पाहून गेली. जावई उठून आले. ताटी पाह्यली, मले पाह्यलं, पुन्हा ताटी पाह्यली. त्या पोराचा चेहरा असा झालता की हसावं का पाया पडावं, त्याले समजत नव्हतं.

प्रमोदनं ताटी हलकेच टेबलावर ठेवली. "सर, एक आठवते काय तुम्हाले? नववीत तुम्ही विचारलं होतं, फ्रीजचं दार उघडं ठेवलं तर खोली गार होईन काय? मी 'हो' म्हटलं. तुम्ही मले अख्खा तास उभं केलं."

आठवलं! आत्ता आठवलं मले!

"फ्रीजचं दार बंद लागते, असं तुम्हीच सांगतलं सर. एसीची गाडीपण तशीच. काचा बंद, आन् आतलीच हवा फिरवाची. तुम्ही तीनदा आले, मी तीनदा काचा लावून गार करून देली. तुम्ही फाटकाबाहेर पडले की दार उघडून राह्यले होते फ्रीजचं!"

तीनही कायदे कूलरचे होते हो. गाडी एसीची होती. एवढंच झालं होतं. मले कोणी खुर्ची देली होती, पण मी बसलो नाई. प्रमोद काम करेपर्यंत उभाच राह्यलो. बरोबर एक तास झाला असेल.

जावईबापू पुढं झाले, "बाबा, तसं पाहिलं तर तुमचं चुकलेलं नाही. कूलरला काच उघडीच लागते." बिचारा! वाचवाले पाहत होता मले. पण माह्यं त्याच्या बोलण्याकडे ध्यानच नव्हतं. माह्या डोक्यात दुसरंच सुरू झालं होतं. काचा बंद लागतात. एसीले काचा बंद लागतात. म्हणजे होळीनंतर नाशिकात, हॉलच्या पडद्यामागं, स्टुलावर चढून... अरे देवा!

मी इहीनबाईंकडे पाह्यलं. त्या कूलरसमोर बसून केसातला वाळा वेचून राह्यल्या होत्या, आन् माह्याकडेच पाहून राह्यल्या होत्या.

प्रमोदनं मोटर वाळवली, नवा फिल्टर टाकला, काचा लावल्या. देवळीपर्यंत गाडी अशी गार, अशी गार, की इहीनबाईंनी पदर अंगावर ओढून घेतला. पल्लवी मागं काचेबाहेर पाहत बसली होती. मले घाम सुटला होता, त्या एवढ्या थंडीत.

घरी आलो. तुम्ही म्हणाल संपलं. कुठं संपलं?

मंदानं सगळं तयार ठेवलं होतं. जावयाचे पाय धुतले, ओवाळलं. कूलरच्या हवेनं निरांजन विझत होतं, म्हणून तिनं कूलर हळू केला आन् समोरची खिडकी लावून घेतली. तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे, वर दिवा, असं वाण जावयाच्या हातात दिलं. सगळं यथासांग झालं. मी मनातल्या मनात देवाले म्हणून राह्यलो होतो, एवढं निभावून ने, पुढं पाहू.

तेवढ्यात इहीनबाई म्हणाल्या, "आमच्याकडूनही एक द्यायचं राहिलंय."

पर्स उघडली आन् एक जाड कागद काढला. चार घड्या केलेला, एका बाजूनं उन्हानं पिवळा पडलेला, दुसऱ्या बाजूनं धुळीनं काळा.

"पडदे धुवायला काढले, तेव्हा सापडला. हॉलच्या खिडकीची वरची छोटी काच असते ना, तिच्या फटीत बसवलेला. काच लागतच नव्हती त्यामुळे, आणि पडद्याआड कुणाला दिसत नव्हती. बरोबर दोन बोटं उघडी!" त्यांनी एक एक घडी उघडली. "आम्ही दोन महिने एसीवाल्याला शिव्या देतोय. निखिलला ऑफिसात सगळे हसले, तू द्राक्षं गार ठेवतोस आणि आईला नाही. आणि काच कुणी उघडी ठेवली, ते शोधायचीही गरज पडली नाही."

कागद पूर्ण उघडला. माह्या हसरा फोटो! घडी बरोबर दातांवरून गेलती.

"अवघड विज्ञान," इहीनबाईंनी मोठ्यानं वाचलं, "सोपं करून सांगणारे गुरुजी!"

आन् मंग त्यांना जे हसू फुटलं! पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मंदा हसली. मान खाली घालणारे जावईबापू अनारशाचं ताट बाजूले ठेवून भिंतीले टेकून हसले. पल्लवीनं तर आधी कपाळावर हात मारून घेतला, मंग मंदाच्या गळ्यात पडून ती पण हसत सुटली. सासूबाईंनी तिले जवळ ओढलं, पदरानं तिचे डोळे पुसले आन् म्हणाल्या, "पल्लवी, आता तुला नाशिकात कुणी कूलरवाल्यांची म्हणणार नाही हो."

"खरंच, आई?"

"खरंच. आता एसीवाल्यांची म्हणतील."

म्हटलं जाऊ द्या, पोरगी हसली ना. एवढ्या दिवसांनी असं मोकळं हसली. माह्या जीव खाली पडला.

आन् तेवढ्यात माह्या ध्यानात आलं, की खोलीत सगळेच घामानं निथळून राह्यले आहेत. कपाळं ओली, कपडे अंगाले चिकटलेले. का? तर कूलर सुरू आन् समोरची खिडकी गच्च बंद! मंदानं दिव्यासाठी लावली, ती उघडायची राह्यलीच. आता हा एसी नव्हता बरं, अस्सल कूलर होता. माह्या हातानं भरलेला! मी उठलो आन् खिडकीले हात लावाले गेलो.

"हात नका लावू!" चौघंही एकदम ओरडले.

"अहो, पण हा कूलर आहे..."

"बाबा, बसा म्हणते ना!"

बसलो. सांगा आता, उभ्या आयुष्यात एवढा बरोबर मी कधीच नव्हतो! आन् ऐकणारं घरात एकही नाई. सगळे तसेच उकडत बसले, अनारसे खात, हसत. इहीनबाई तर माह्याच कार्डानं वारा घेऊन राह्यल्या होत्या.